मागाच्या खडखडाटात कान कसे वाचवायचे: इचलकरंजीच्या एका कारखानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीत २४ साध्या यंत्रमागांचा कारखाना. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. विणकर, जॉबर (मागाची दुरुस्ती बघणारा), कांडीवाल्या (कांडीवर सूत भरणाऱ्या) बायका आणि दिवाणजी धरून दोन्ही पाळ्यांत मिळून २२ माणसं. मालकांनी फोमचे इअरप्लग आणून वाटले, पण महिन्याभरात सगळे खिशात गेले. "माग ऐकू येत नाही" ही विणकरांची तक्रार. काही जण कापसाचे बोळे घालतात, तरुण पोरं मोबाइलचे इअरफोन. एका जुन्या विणकराला कमी ऐकू येऊ लागलंय. मालक विचारतात: जास्त नंबरचे प्लग आणू का? कायद्यानं काय करावं लागतं? आणि त्या विणकराचं ऐकणं औषधानं परत येईल का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्याची निकड त्यावरून कळते. नाही, परत येणार नाही. आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या भागात, प्रत्येक बाजूला साधारण १५ ते १६ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची थरथर मेंदूला कळेल अशा संदेशात बदलायचं काम त्या करतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठा आवाज सुरुवातीला त्यांना थकवतो. पाळी संपल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात, आत भुंगा घुमतो, आणि सकाळपर्यंत बरं वाटतं. हे "बरं वाटणं" फसवं आहे. रोज थकवत राहिलं की एक दिवस त्या उठत नाहीत. त्यावर गोळी नाही, थेंब नाहीत, आणि गरम तेल तर नाहीच. कानात तेल घालू नका हे कामगारांनाही सांगा.

ही हानी कशी ओळखायची? ती ४००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातल्या वरच्या पट्टीत. स, श, फ, थ यांसारखे हलके, सुसकारणारे आवाज आधी जातात. स्वर शाबूत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं, पण कळत नाही." दिवाणजीनं "साठ" म्हटलं की त्याला "आठ" ऐकू येतं. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं पुरुषांच्या बोलण्याआधी निसटतं. घरी टीव्हीचा आवाज वाढत जातो आणि त्यावरून भांडणं होतात. तुमच्या जुन्या विणकराला हे सगळं लागू पडत असेल तर कारण बहुधा तुमच्या शेडमध्येच आहे. तरी कान वाहतो का, मळ अडकलाय का, मधुमेह आहे का, पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली होती का, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सगळं मागावर ढकलू नका.

आता आवाज किती, ते बघू. साध्या मागावर धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. दर फेरीला एका बाजूनं त्याला दांडीचा फटका बसतो आणि दुसऱ्या बाजूच्या पेटीत तो ठोका देऊन थांबतो. असे २४ माग, वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती. अशा शेडमध्ये विणकराच्या कानाशी साधारण ९५ ते १०५ डेसिबल मिळतात. पुढच्या हिशेबासाठी १०० धरू, पण तुम्ही मोजून घ्या. भाड्यानं मीटर मिळतो. 'ए' भारांकन आणि 'स्लो' असं लावून, विणकर जिथे उभा राहतो तिथे त्याच्या कानाच्या उंचीवर धरायचा. आयफोन असेल तर अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेचं आवाज मोजायचं मोफत ॲप आहे. अंदाजासाठी ते पुरेसं आहे, निरीक्षकाला दाखवायला नाही. काहीच नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलून बघा. ओरडावं लागलं तर ८५ च्या वर आहात.

डेसिबलचा हिशेब नेहमीच्या बेरजेसारखा चालत नाही, आणि बहुतेक कारखानदारांची गल्लत इथेच होते. ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. उलटही खरं: २४ पैकी १२ माग बंद केले तरी शेडचा आवाज जेमतेम ३ डेसिबलनं उतरतो. म्हणून "दोन माग कमी केलेत, आता आवाज कमी झालाय" याला फारसा अर्थ नाही.

'नायोश'ची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतील आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडचे कारखाना नियम जास्त सैल आहेत. त्यांत ९० ला ८ तास, ९५ ला ४ आणि १०० ला २ तास अशी मर्यादा आहे. पण सैल नियम धरला तरी तुमचा विणकर सकाळी सातला आला तर नऊ वाजता त्याचा दिवसाचा कोटा संपतो, आणि पाळी संध्याकाळी सातपर्यंत असते. कडक हिशेबानं तो चहाच्या आधीच संपतो. शिवाय बारा तासांच्या पाळीला ८५ हा आकडाच लागू होत नाही, तो ८३ च्या जवळ येतो. बारा तासांच्या पाळीबद्दल कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. मी फक्त कानाचा हिशेब सांगतोय.

म्हणजे कानापर्यंत पोचणारा आवाज १०० वरून ८० च्या आसपास आणायचा आहे. २० डेसिबलची खरी घट हवी. तुम्ही विचारलंत की जास्त नंबरचा प्लग आणू का. माझं उत्तर स्पष्ट आहे: नंबर विसरा, मिनिटं मोजा.

पाकिटावरचा एनआरआर (प्लग किती डेसिबल अडवतो तो नंबर) २९ किंवा ३३ हा प्रयोगशाळेतला आकडा असतो. तिथे जाणकार माणूस प्लग नीट बसवून देतो. कारखान्यातल्या वापरासाठी अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याची रूढ पद्धत अशी: आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचे अर्धे धरा. २९ चा प्लग, वजा ७, राहिले २२, त्याचे अर्धे ११. म्हणजे शिकवल्याशिवाय नुसता वाटला तर १०० चे ८९ होतील. ३३ चा घेतलात तर ८७. पैसे जास्त, फायदा दोन डेसिबलचा. तोच २९ चा प्लग नीट बसवायला शिकवलात तर २० च्या वर घट मिळू शकते. फरक कंपनी बदलून पडत नाही, बोटांनी पडतो.

त्याहून मोठी गोष्ट काढून ठेवण्याची. ३० डेसिबलची खरी घट देणारा अगदी उत्तम प्लग आठ तासांपैकी साडेसात तास घातला आणि फक्त अर्धा तास काढला, तर दिवसाची सरासरी घट उरते सुमारे १२ डेसिबल. अर्धी पाळी काढून ठेवला तर ३. तीनच, मग तो जगातला सगळ्यात महागडा प्लग असो. त्या अर्ध्या तासात कानावर जेवढा मारा होतो तो बाकीच्या साडेसात तासांच्या बचतीला गिळून टाकतो. म्हणून विणकर जो प्लग बाराही तास घालेल तो उत्तम, मग त्याचा आकडा २० का असेना. उलट कानाशी आवाज ७० च्या खाली गेला तर माणूस एकटा पडल्यासारखा होतो, हाक ऐकू येत नाही, आणि तो प्लग काढतोच. ७५ ते ८० ही जागा चांगली.

बसवायची पद्धत शिकवायला माणशी दहा मिनिटं द्या, आणि ती शेडबाहेर द्या. हात धुवायचे, मागाचं तेल आणि तूस लागलेल्या बोटांनी प्लग वळला की आठवड्यात कान खाजायला लागतो, तक्रारीचं मूळ अनेकदा तेवढंच असतं. फोम बोटांत लाटून बारीक, सुरकुती न पडता वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि ३० ते ४० सेकंद बोटानं दाबून धरायचा, फुगेपर्यंत. बहुतेक जण हे धरणं टाळतात आणि प्लग बुचासारखा बाहेर लोंबतो. तपासणी सोपी आहे. माग चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग बसलेला नाही. नीट बसला असेल तर हात लावा किंवा न लावा, आवाज जवळपास तोच राहतो, आणि स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटतं.

विणकराचे हात दिवसभर तेला-तुसात असतात, हे धरून मी तुमच्या शेडसाठी फोमपेक्षा तीन कडांचे, धुता येणारे सिलिकॉनचे, दोरीवाले प्लग सुचवीन. ते वळावे लागत नाहीत, देठाला धरून घालता येतात, साबणानं धुतले की महिनोन्‌महिने चालतात. दोन मापं आणा. कांडीवाल्या बायकांच्या कानाच्या नळ्या सहसा लहान असतात आणि मोठ्या मापाचा प्लग दुखतो म्हणून त्या घालत नाहीत. मग सगळे म्हणतात "बायका ऐकत नाहीत". दोरी मात्र चालत्या मागाजवळ सदऱ्याच्या आत घ्यायला सांगा. इअरमफ एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखाली कुणी तासभरही ठेवत नाही, आणि चष्म्याच्या काडीनं त्याची पकड सुटते. जॉबर थोडा वेळ मागात डोकं घालतो तेव्हा मफ चालेल. ज्याचा कान वाहतोय त्याला कुठलाच प्लग नको, आधी डॉक्टर.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. कोरडा कापूस काही थोडे डेसिबल अडवतो, त्यातून आवाज सहज आरपार जातो. वाईट हे की घालणाऱ्याला आपण काळजी घेतली असं वाटतं. मोबाइलचे इअरफोन त्याहून वाईट. मागाच्या वर गाणं ऐकू यायचं तर गाण्याचा आवाज मागाइतकाच चढवावा लागतो. म्हणजे पोरगा स्वतःच्या हातानं दुसरा माग कानात चालवतोय. यावर सरळ बंदी घाला. तरुणांची हानी अशी वीस-पंचविशीतच सुरू होते.

आता "माग ऐकू येत नाही". ही तक्रार आळशीपणाची सबब समजू नका. मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर असते, माग थांबला की पैसे थांबतात. पिकर (धोट्याला फटका देणारा तुकडा) झिजला, धोटा पेटीत नीट बसत नाही, ताणा ढिला झाला, हे चांगला विणकर आधी कानानं ओळखतो आणि मग डोळ्यानं. त्याचा कान हे त्याचं हत्यार आहे. पण कान निरोगी असेल तर प्लग लावून ती ओळख जात नाही. एकाच पट्टीतला खडखडाट आणि बिघाडाचा आवाज प्लग सारख्याच प्रमाणात खाली आणतो. ९० च्या वरच्या गोंगाटात कान इतका भरून गेलेला असतो की थोडा भार उतरला की उलट वेगळा आवाज जास्त नीट उमटतो. फक्त तो आवाज आता वेगळ्या रंगाचा लागतो, आणि कानाला ती नवी ओळख व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. त्यासाठी पहिल्या दिवशी बारा तास घालायला लावू नका. पहिले दोन दिवस दोन तास, मग चार, मग सहा, असं करत दहा-बारा दिवसांत पूर्ण पाळी. याच काळात नुकसान झालेल्या पिकांवरून मजुरी कापू नका. एवढी हमी दिलीत तर निम्मी लढाई जिंकाल. अपवाद आहे तो तुमच्या जुन्या विणकरासारख्यांचा. ज्याची वरची पट्टी आधीच गेली आहे त्याला प्लग लावल्यावर खरंच कमी ऐकू येतं. त्याला सगळ्या पट्ट्यांत सारखी घट देणारा प्लग द्या आणि त्याच्या मागांवर धागा तुटल्यावर माग आपोआप थांबवणारी यंत्रणा नीट चालतेय हे बघा.

मी प्लगवर इतकं बोललो कारण तुम्ही तेच विचारलंत. पण प्लग ही शेवटची तटबंदी आहे, पहिली नाही. तुमच्या २२ माणसांपैकी किती जणांना मागाशेजारी असणं खरंच गरजेचं आहे? कांडी मशीन, घडीचं टेबल, दिवाणजीची गादी, डबा खायची जागा ही सगळी मी पाहिलेल्या बहुतेक शेडमध्ये मागांच्या रांगेच्या टोकालाच असते, कारण जागा तेवढीच. एक विटेची भिंत आणि घट्ट बसणारं दार घातलं की पलीकडचा आवाज २० डेसिबल किंवा जास्त उतरतो. वर पत्र्यापर्यंत भिंत न्या. छाती-डोक्याएवढी भिंत उभारून वर मोकळं सोडलं तर पैसे वाया जातात. या एका कामानं तुमच्या काही माणसांना प्लगची गरजच उरणार नाही, आणि विणकरांना जेवणाची अर्धा-पाऊण तास खरी विश्रांती मिळेल. तुमचा खर्च जिथे सगळ्यात जास्त वसूल होतो ती जागा ही.

मागावरच काय करता येतं? मर्यादित. झिजलेले पिकर आणि बफर वेळेवर बदला, फटका गरजेपेक्षा जोरात लागला असेल तर जॉबरकडून कमी करून घ्या, सुटे झालेले पत्रे आणि झाकणं आवळा. यानं एखादा फार बडबडणारा माग बाकीच्यांच्या पातळीला येतो. पायाखाली रबर घातलं तर जमिनीची थरथर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी कमी होतात, विणकराच्या कानाला विशेष फरक पडत नाही. छताला आवाज शोषणारे फलक लावा असं कुणी विकायला येईल. विणकराला दोन हातांवरच्या मागाचा आवाज थेट येतो, छतावरून परतून नव्हे, त्यामुळे त्याला लाभ थोडा. शिवाय त्या फलकांवर तूस साचतं, आणि सुती तूस म्हणजे आगीला निमंत्रण. रॅपियर (धोट्याशिवाय विणणारा माग) घ्यायचा विचार असेल तर त्यात धोट्याचा ठोका जातो हे खरं, पण वेग वाढतो. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता चालू शेडमध्ये मीटर नेऊन मोजा.

कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, वर्षातून एकदा सगळ्यांची. नवा माणूस ठेवला की पहिल्या दोन आठवड्यांत त्याची पहिली तपासणी. तो आकडा पुढे आयुष्यभर तुलनेला लागतो, आणि तो आधीच्या कारखान्यातून काय घेऊन आलाय हेही कळतं. तपासणीआधी किमान १४ तास कानाला शांतता हवी, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख येतो. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच ठेवा, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. तपासणी ५०० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत हवी, त्यात ३०००, ४००० आणि ६००० असायलाच हवेत. शिबिरात "ऐकू येतं का? येतं. सही करा" असं होतं, त्याला तपासणी म्हणत नाहीत. पहिल्या तपासणीच्या तुलनेत २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी १० डेसिबलनं घसरली असेल तर त्या माणसाचा प्लग, त्याची जागा आणि त्याचे तास त्याच आठवड्यात बघायचे. कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. खासगी ऑडिओलॉजिस्ट गटानं आले तर दर कमी करतात.

कायद्याचं थोडक्यात. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा १९४८च्या कारखाने अधिनियमात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. यंत्रशक्तीवर चालणारं २० किंवा जास्त कामगारांचं ठिकाण म्हणजे कारखाना, आणि हा आकडा एका पाळीचा नाही, दिवसातल्या सगळ्या पाळ्या मिळून धरतात. म्हणजे तुम्ही आत आहात. (एकाच छताखाली बायको, भाऊ आणि मेहुण्याच्या नावानं तीन कारखाने दाखवायची पद्धत मलाही माहीत आहे. कानाला ते कळत नाही.) ९० डेसिबल किंवा जास्त आवाजाच्या कामासाठीच्या नियमांत आवाज कमी करण्याची जबाबदारी आधी मालकावर आहे, ते शक्य नसेल तिथे साधनं पुरवायची, कामावर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि नंतर दर १२ महिन्यांनी तपासणी करायची, नोंदी ठेवायच्या. ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असाल तर या बहिरेपणाचा व्यावसायिक आजार म्हणून दावा कामगाराला करता येतो. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची आशा मात्र त्याला दाखवू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यासाठी बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट लागते, आणि विणकराचं नुकसान त्याच्या वरच्या पट्टीत असतं. घरचं बोलणं कळत नसतं आणि कागदावर तो धडधाकट असतो.

राहता राहिला तो जुना विणकर. त्याची तपासणी करून घ्या, आलेखाची प्रत त्याच्या हातात द्या, आणि त्यावरून त्याला कामावरून काढू नका. एकाला काढलंत की पुढच्या वर्षी तपासणीला कुणी येणार नाही. आले तरी आवाज न ऐकताच बोट वर करतील. जमलं तर त्याला भिंतीपलीकडचं काम द्या, मजुरी न घटवता. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सांगितलं तर ते घरी आणि बाजारात वापरायचं. शेडमध्ये चालू यंत्र घालून उभं राहिलं तर मागाचाच आवाज मोठा होऊन कानात जातो, आणि बंद यंत्र म्हणजे प्लग नव्हे. पाळीला येताना यंत्र डबीत, प्लग कानात.